पाय ओले असेपर्यंत

३ जानेवारी, सोमवार

आर्विड,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरून राहिलेलं नाही ते.

फोनच केला असता, पण माझ्या तोंडून शिव्याच आल्या असत्या आणि तू अर्ध्यावर ठेवून दिला असतास. पत्र असं ठेवता येत नाही. ते टेबलावर पडून राहतं आणि तू नाही वाचलंस तरी तुझी बायको मार्लिस वाचते. या खोऱ्यात इतकी वर्षं घरोघर टपाल वाटलंय मी, कुठल्या घरात पत्रं कोण फोडतं ते मला कोणी सांगायला नको. काय गं मार्लिस, वाचते आहेस ना? त्याला मोठ्याने वाचून दाखव.

परवा शनिवारी जे झालं ते लिहून ठेवते. नाहीतर उद्या तू 'असं काही झालंच नाही' म्हणायला मोकळा.

हिवाळी हंगामाचा पहिला दिवस होता. मासा धरायचा आणि परत सोडायचा, हा आपला हंगाम. गेली पन्नास वर्षं त्या दिवशी मी ओढ्यावर नाही असं झालेलं नाही, बाबा होते तेव्हा त्यांच्याबरोबर आणि ते गेल्यावर एकटी. नेहमीच्याच वाटेने आले, गोठ्यामागच्या कुंपणाच्या फटीतून. तुझी नवी पाटी वाचली मी. 'खासगी जागा. पाहुण्यांखेरीज कोणी येऊ नये.' मला वाटलं, असेल दुसऱ्या कोणासाठी. इतकी भोळी मी!

पैसे देऊन उतरणारे तुझे तीन पाहुणे काठावर उभे होते. अंगावर सगळं नवंकोरं, टोपीला दुकानाची चिठ्ठी लटकायची तेवढी बाकी होती. आणि तू त्यांच्यामागे कॉफीचा थर्मास घेऊन. त्यातल्या एकाने विचारलं, "या बाई कोण?"

आणि तू म्हणालास, "शेजारच्या आहेत कोणीतरी."

शेजारच्या! कोणीतरी!

तुला गळाची पहिली गाठ मारायला कोणी शिकवलं? गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरला की ती तोंडात धरून वितळवायची, हे कोणी दाखवलं? सहा वर्षांचा असताना त्याच ओढ्यात तोंडावर पडलास तेव्हा कॉलर धरून बाहेर ओढणारी कोण होती? शेजारची कोणीतरी होती का? बाबांनी शेवटचे तीन हिवाळे कोणाच्या घरी काढले? शेती तुझ्या नावावर केली त्यांनी, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण 'ओढा दोघांचा' असं ते तुझ्यादेखत म्हणाले होते. त्या वेळी तू मान हलवली होतीस, मी पाहिलंय.

वर आणखी त्या लोकांसमोर फोन काढलास आणि कोपेकीला बोलावलंस. मासेमारीवर नजर ठेवणारा वॉर्डन कोपेकी! ज्याची आई मला दर ख्रिसमसला गोड पावांचा डबा पाठवते! तो आला, मला ताकीद लिहून दिली आणि स्वतःच्या गाडीत घालून रस्त्यावर आणून सोडलं. पाहुणे बघत होते. एकाने तर फोटो काढला.

मग गाडीत काय झालं ते ऐक. कोपेकी बिचारा अवघडून बसला होता. म्हणाला, "राग्ना, जमीन त्याची आहे, मी काय करू?"

"आणि पाणी?"

"पाणी राज्याचं. विस्कॉन्सिनात कोणालाही पाण्यातून चालता येतं. हमरस्त्याच्या पुलाखाली उतर आणि पाण्यातून पाय काढू नकोस. मग तुला तोही अडवू शकत नाही आणि मीही नाही."

"म्हणजे पाय ओले असेपर्यंत?"

"ओले असेपर्यंत. त्याच्या काठावर एक पाऊल पडलं की मला परत फोन येणार, आणि मग ताकीद नाही, दंड."

बघ आर्विड, तूच बोलावलेल्या माणसाने माझ्या हातात काय दिलं ते.

आता नीट ऐक. दर शनिवारी तुझे पाहुणे नाश्ता उरकून खाली उतरायच्या आत मी पुलापासून वरपर्यंत पाण्यातून चालत जाणार. गळाची काठी आणणार नाही. गळ टाकणार नाही. नुसती चालणार. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी काचेसारखं असतं आणि रुंदी आपल्या स्वयंपाकघराएवढी. मधून एक माणूस चालून गेला की मासे काठाच्या कपारीत शिरतात आणि दुपार टळेपर्यंत तोंड दाखवत नाहीत. तोवर ऊन डोंगरामागे. तुझे पाहुणे दिवसभर रिकाम्या पाण्यात गळाला लावलेल्या पिसांच्या खोट्या माश्या भिजवत बसतील. कोणी उभा असताना त्याच्या पुढ्यातलं पाणी तुडवायचं नाही, हे बाबांनी आपल्याला चालायच्या आधी शिकवलं होतं. मी आता नेमकं तेच तुडवणार आहे. मुद्दाम.

थांबायचं असेल तर एकच वाट आहे. ज्या तोंडाने 'शेजारची' म्हणालास त्याच तोंडाने तुझ्या पाहुण्यांसमोर म्हण, 'ही माझी बहीण.' तेवढं म्हण, मी त्याच क्षणी वळून घरी जाईन.

आणि नसेल म्हणायचं, तर मी पाण्यात असेन तोवर काठावर यायचं नाहीस. दुसरा एक जरी शब्द काढलास तरी मी थेट शेरीफकडे जाऊन सांगेन की म्हातारीला धमकावतो म्हणून. रडूनसुद्धा दाखवीन. चर्चच्या नाटकात कोण रडायचं ते आठवत असेलच.

राग्ना


९ जानेवारी, रविवार

आर्विड,

काल झोप लागली का? मला छान लागली.

थंडी म्हणजे काय होती! पुलाच्या कठड्याला हात लावला तर हातमोजा चिकटला. पण ओढ्यातून वाफ निघत होती, झऱ्याचं पाणी ना, कधी गोठत नाही. पाण्यात उतरले तेव्हा बाहेरच्यापेक्षा पायांनाच ऊब वाटली. काठावर बर्फ, बर्फावर चिलटं रांगत होती, आणि मी आपली रबरी विजार छातीपर्यंत चढवून, हातात बाबांची जुनी टेकायची काठी घेऊन निघाले सावकाश. घाई कशाला? मासे दोन्ही बाजूंना तीरासारखे पळत होते. चांगले वीतभर लांब, लाल ठिपक्यांचे, कोणी टाकीतून आणून न सोडलेले, आपले. मला वाईट वाटलं असेल असं समजू नकोस. मजा वाटली.

तुझा तो शिकागोचा दातांचा डॉक्टर भेटला. त्याच्या हातमोज्यांत बॅटरी आहे म्हणे! मला म्हणतो, "बाई, इथे मासे आहेत ना?"

"आहेत की. आत्ताच सगळ्यांना भेटून आले."

"मग आम्हाला कसे दिसत नाहीत?"

"शेजाऱ्यांना दिसतात," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं गावाकडची म्हातारी आहे, थोडी सरकलेली. दुपारपर्यंत हसू मावळलं असेल. लंच होईपर्यंत एकालाही साधा झटकासुद्धा लागला नाही, असं मला पेट्रोल पंपावर कळलं. ते तिघं तिथे चीज घ्यायला थांबले होते आणि तुझ्या नावाने खडे फोडत होते. चांगलंच वाटलं ऐकून.

तुला मी खिडकीत पाहिलं. हात केला, तू केला नाहीस. मग कोपेकीला फोन केलास, तोही आला. पुलावर उभा राहून मिशीत हसत होता.

"राग्ना, पाय दाखव."

मी एक उचलून दाखवला.

"दुसरा?"

"दुसरा उचलला तर पडेन ना मी, दिवट्या!"

"ओला आहे ना?"

"पार घोट्यापर्यंत. छिद्र आहे विजारीला."

"मग माझं काही काम नाही इथे," म्हणाला आणि गेला. त्याने तुला फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

पुढच्या शनिवारी भेटूच. तुझी,

शेजारीण


२३ जानेवारी, रविवार

आर्विड,

स्वतः यायची हिंमत नाही म्हणून बायकोला पाठवतोस?

मार्लिस बुधवारी आली होती. लेफ्से घेऊन आली, बटाट्याच्या मऊ पोळ्या, वर साखर भुरभुरलेली, म्हणजे काहीतरी काम आहे हे दारातच कळलं. कॉफी होईपर्यंत तिने माझ्या पडद्यांचं कौतुक केलं. तेच पडदे ती वीस वर्षं पाहत आलीय.

मग हळूच म्हणाली, "राग्ना, आर्विडचं म्हणणं आहे की तू वळणावरच्या विलोच्या झाडापाशी बाहेर पड. गोठा संपेपर्यंत काठाने चाल आणि मग वर परत पाण्यात उतर. तेवढ्या भागातली पाटी त्याने काढलीय."

"का?"

"गोठ्याखालची खडी, म्हणून. तुला माहीतच आहे."

मला माहीत आहे! मला! अगं मार्लिस, ती खडी मला बाबांनी तू या घरात यायच्या कितीतरी आधी दाखवली होती. पानं गळतात तेव्हा तिथे झऱ्याच्या तोंडाशी माद्या येतात, शेपटीने खडी घासूनपुसून साफ करतात आणि त्यात अंडी पुरतात. मग हिवाळाभर ती खडी बाकीच्या तळापेक्षा फिकट दिसते. बाबा त्यांना पाळणे म्हणायचे. फिकट खडी दिसली की काठावर चढायचं, मग काठावर काटे असोत की गुडघाभर बर्फ असो. एका बुटाखाली शेकडो जातात, म्हणायचे. त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्यावर हात उगारला तो एकदाच, मी आठ वर्षांची असताना त्या खडीत उभी राहिले होते तेव्हा.

तर मला शिकवू नका.

आणि आर्विड, हा डाव मला कळत नाही असं वाटलं का तुला? पाटी काढलीस म्हणे. पाटी काढल्याने जमीन बदलते का? मी विलोपाशी काठावर पाय ठेवणार, तू खिडकीतून फोटो काढणार, कोपेकीला पाठवणार, आणि मग दंड, आणि मग राग्नाने ओढ्यावर फिरकायचं नाही असा कोर्टाचा कागद. तुझ्या एका तोंडी शब्दावर मी पुन्हा विसंबू? ओढा दोघांचा म्हटल्यावर मान हलवणारा तूच ना?

मार्लिसला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो असं नाही करणार गं."

"लिहून दे म्हणावं."

"तू ओळखतेस त्याला. तो नाही लिहायचा."

"मग बाहेर येऊन म्हणू दे, बहीण आहे म्हणून. मी तिथल्या तिथे वळते. खडीचा प्रश्नच मिटला!"

यावर ती उठली. जाताना दारात म्हणाली, "गाई विकल्यापासून हे पाहुणेच आहेत आमच्याकडे, राग्ना. दुसरं काही नाही." मला काय वाटावं अशी अपेक्षा आहे? मी नव्हतं सांगितलं शेजारीण म्हणायला.

पाय कुठे टाकायचा ते मला कळतं. मी कडेकडेने जाते. काळजी नसावी.

राग्ना


६ फेब्रुवारी, रविवार

आर्विड,

आज चर्चमध्ये मला पाहून बाक बदललास. सगळ्यांनी पाहिलं. पाद्रीबाई क्षमेवर बोलत होत्या आणि तू खांबाआड जाऊन बसलास. खाली तळघरात कॉफीच्या वेळी इंगेबोर्गने मला विचारलं, "काय झालंय गं तुमच्यात?" मी म्हटलं, "त्यालाच विचार. पण तो तुला माझं नावसुद्धा सांगायचा नाही, मी शेजारची आहे."

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र दगडांसाठी आहे.

काल गोठ्याखाली आले तर भिंतीकडच्या बाजूला पाण्यात सपाट दगड ओळीने टाकलेले. आधी नव्हते. पाण्याच्या वर असते तर दिसले तरी असते, पण नाही, चांगले चार बोटं पाण्याखाली! शेवाळ्याचे, गुळगुळीत! मी जवळ जाऊन एकावर काठी टेकवली तर काठी सटकली. वा रे भावा! पाटीने जमलं नाही, वॉर्डनने जमलं नाही, आता बहिणीची तंगडी मोडायची का? या वयात कमरेचं हाड मोडलं की बाई परत उठत नाही, हे बाबांच्या बहिणीच्या वेळी पाहिलंयस तू.

मी त्या दगडांवरून गेले नाही. त्यांना लांब ठेवून मधून गेले. अगदी मधून. तू खिडकीत होतास. टेबलावर मूठ आपटलीस तीही दिसली मला. लागली का?

आधी मी कडेने जात होते, खरंच जात होते. आता कडेला तुझे दगड आहेत. तेव्हा जे काही होईल ते तुझ्या माथी.

राग्ना


२७ फेब्रुवारी, रविवार

आर्विड,

जिरली!

पाहुण्यांच्या मुक्कामाचा फलक उतरवलास ना रस्त्यावरचा? मी काल स्वतः पाहिलं. खांब तेवढा उरलाय. पेट्रोल पंपावर म्हणतात की पाहुणे बंद, या हिवाळ्यात कोणी येणार नाही, आर्विडने सगळ्यांना नको म्हणून कळवलं. नको म्हणून कळवलं! म्हणे! कोणी येईना म्हणून फलक उतरवला, असं सरळ का सांगत नाही? त्या दातांच्या डॉक्टरने तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते मला ग्रंथालयातल्या पोरीने संगणकावर वाचून दाखवलं. 'ओढा सुंदर, मासा एकही नाही, एक म्हातारी मात्र आहे.' मी तिला दोनदा वाचायला लावलं.

एक म्हातारी मात्र आहे! दारावर लावीन मी ते.

आता तुला कळेल रिकामं घर म्हणजे काय. मला कळलंच आहे. बाबा गेल्यापासून रविवारी माझ्याकडे कोणी जेवायला येत नाही. तू पहिल्या वर्षी दोनदा आलास, मग पाहुण्यांचं निमित्त सांगितलंस. मी पाहुणे घालवले. आता कुठलं निमित्त सांगतोस बघू.

तुला वाटेल, पाहुणे गेले, आता ही थांबेल. कालही मी चालले. कोणी नव्हतं ओढ्यावर, फक्त मी आणि तुझी खिडकी. तू तो एक शब्द अजून म्हटलेला नाहीस. पाहुणे नसतील तर मार्लिससमोर म्हण, कुत्र्यासमोर म्हण, पण म्हण. तोवर दर शनिवारी पाय ओले करायला मी येणारच. मार्चभर येणार. मला दुसरं काम काय आहे?

पाय गारठून निळे पडतात हल्ली, रात्रभर दुखतात. पण समाधान आहे.

राग्ना


२४ एप्रिल, रविवार

आर्विड,

हे पत्र मार्लिसने आधी वाचायचं नाही. मार्लिस, ठेव खाली. त्याला दे.

काल मी आले ती चालायला नाही. माशांची पिल्लं बघायला आले. दर वर्षी या दिवसांत येते, तुला माहीत आहे. झऱ्याच्या कडेला हिरव्या पाल्यात, जिथे पाणी हलत नाही तिथे, बाबा आपल्याला पालथं झोपवून दाखवायचे. आधी काहीच दिसायचं नाही. मग एक डोळा दिसायचा, मग दुसरा, आणि मग एकदम सगळं पाणीच डोळ्यांचं व्हायचं. तू मोजायला लागायचास आणि वीसच्या पुढे चुकायचास.

मी पुलाजवळ पाहिलं, थोडी होती. वर जंगलात, तुझ्या हद्दीपलीकडे, ठीक होती. गोठ्याखाली एकही नाही.

एक नाही, आर्विड. मी पाण्यात गुडघ्यांवर बसून पाला हातांनी उपसला. खडी बोटांनी उकरली. खडी दाबून घट्ट झालेली, मधल्या फटींत गाळ भरलेला. त्यात पांढरी पडलेली अंडी सापडली, बुरशीची लव आलेली. माझ्या बुटाच्या तळव्याचे खिळे अजून उमटलेले आहेत तिथे. झऱ्याला पूर येत नाही, तो काही पुसत नाही.

मग तुझे ते दगड पाहिले. कधी नीट पाहिलेच नव्हते. आता ऊन होतं, एकावर उभी राहिले. हलला नाही. शेवाळं वरवरचं, खाली तू छिन्नीने खरवडून खडबडीत केलंयस. प्रत्येक दगड माझ्या एका पावलाच्या अंतरावर, तुझ्या नाही, माझ्या, कारण तुझी टांग लांब आहे. खाली कुठेही फिकट खडी नाही. आणि सगळे चार बोटं पाण्याखाली. पाय ओले राहावेत म्हणून. मला दंड पडू नये म्हणून. त्या थंडीत उघड्या हातांनी लावलेस ना ते? हातमोजे घालून इतके नेमके नाही लागत.

संध्याकाळी मार्लिसला फोन केला. म्हटलं, खरं सांग, पाहुणे कोणी बंद केले? ती आधी रडली आणि मग भडकली माझ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, "त्यानेच! तू म्हणाली होतीस ना, पाहुण्यांसाठी चालते म्हणून? तो म्हणाला, पाहुणेच नसले तर ती यायची थांबेल, निदान उरलेले पाळणे तरी वाचतील. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली त्याने! आणि तू दुसऱ्या शनिवारी परत हजर! तो आत बसून रडत होता, राग्ना. टेबलावर डोकं ठेवून."

ऐकलं मी. सगळं ऐकलं.

पण आता माझंही ऐक. ही माफी नव्हे. माफी मी मागणार नाही, कारण तू गिऱ्हाइकं सोडलीस, पोट मारलंस, फेब्रुवारीत दगड वाहिलेस, सगळं केलंस, फक्त दार उघडून 'बहीण' म्हणाला नाहीस! अरे एक शब्द! खिडकीतून ओरडला असतास तरी चाललं असतं! मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, त्या क्षणी वळेन. वळले असते रे. तुझ्यासमोर शेकडोंनी मरत होते आणि तू तो शब्द गिळून बसलास. मेल्या, बाबांनी तुला बोलायला शिकवलं नव्हतं का?

आणि मी? मी खडीत पाय टाकायचे तेव्हा मला कळत होतं. कडेने जाते म्हणून लिहिलं ते खोटं होतं. पहिल्या शनिवारपासून मधूनच जात होते. कडेला पाणी उथळ, बर्फाने काठ आत आलेला, पाय कोरडा पडायची भीती. दर वेळी बुटाखाली खडी करकरायची आणि मी मनात म्हणायचे, हे आर्विडचं, हेही आर्विडचं.

आता काल संध्याकाळचं. तू पाहिलंस मला. फोन झाल्यावर मी परत आले, गाडी थेट तुझ्या फाटकातून आत आणली आणि गोठ्याखाली तुझ्या गवतावर जाऊन उभी राहिले. बूट काढले. मोजे काढले. पाण्यापासून दहा पावलं दूर, तुझ्या जमिनीवर, कोरड्या पायांनी, खिडकीच्या अगदी समोर. उभी होते अंधार पडेपर्यंत. कशासाठी ते तुला कळलं. फोन कर आणि बोलव कोपेकीला, म्हणून. दंड लाव, कोर्टात ने, ओढ्यावर पाऊल टाकायचं नाही असा कागद घे माझ्याविरुद्ध. मी सही करीन.

तू दार उघडलंस. पायरीवर आलास. मला वाटलं, आता. शिवी दे, दगड उचलून मार, काहीही कर. तू माझ्या पायांकडे पाहिलंस, मग ओढ्याकडे, आणि आत निघून गेलास. दार लावलं नाहीस. उघडंच ठेवलंस. आत टेबल दिसत होतं.

मी आले नाही. कशी येणार? कोणत्या तोंडाने येणार तुझ्या टेबलाशी? तू माझा सूड घे ना, आर्विड. मी घेतला तसा घे. असं दार उघडं टाकून बसू नकोस, मला सहन होत नाही ते.

पुढच्या शनिवारी सकाळी मी तिथेच येऊन उभी राहणार आहे, गवतावर. कोपेकीला फोन कर. नाही केलास तर मी स्वतः करीन.

तुझी बहीण,
राग्ना